बस वळण्यापुरती जागा

आईला सरकारी घर लागलं तेव्हा मी आठवीत होते. नव्वदीच्या दशकाचा मध्य असेल. आई, आप्पा आणि मी कोल्हापुरातल्या एका बोळात भाड्याच्या खोलीत राहत होतो. आई सरकारी दवाखान्यात आया होती आणि आप्पा उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर टर्नर. दोघांचीही कामं चालत जाण्याच्या अंतरावर होती, पण खोली आपली नाही हे मालकीणबाईंनी आम्हाला कधी विसरू दिलं नाही. ती खोली मिळण्याआधी दोघं बऱ्याच ठिकाणी फिरले होते. लोक खोली दाखवायचे, आडनाव विचारायचे आणि मग त्यांना एकदम आठवायचं की गावाकडचा पुतण्या शिकायला येणार आहे, खोली त्याच्यासाठी ठेवलीय. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती, आप्पा शिकून कारागीर झाले होते, आई पगारी नोकरीत होती, पण आडनावाच्या पुढं गाडी जायची नाही.

दवाखान्यातल्या एका क्लार्कनं आईला सांगितलं की कमी पगाराच्या लोकांसाठी सरकार शहराबाहेर घरं बांधतंय, अर्ज सुटलेत. आईनं आप्पांना न सांगता अर्ज भरला. नंबर लागला नाही तर उगाच चर्चा नको, हा तिचा हिशेब. सोडत एका शाळेच्या सभागृहात होती आणि तिथं ती मलाच घेऊन गेली. स्टेजवर पत्र्याचा मोठा डबा होता. त्यातून चिठ्ठ्या निघत होत्या आणि चिठ्ठीवर नुसता आकडा. आमचा आकडा पुकारला तेव्हा आई उठलीच नाही. मी तिला कोपरानं ढोसलं. ती म्हणाली, "बस जरा, दुसऱ्या कुणाचा तर न्हाय न्हवं?" तो आमचाच होता. परत घराच्या पायरीशी आल्यावर ती मला म्हणाली, "आडनाव कुणी इचारलं न्हाय बघ."

आप्पा आधी रुसले, मग घर बघायला गेले आणि परतले ते वेगळेच होऊन. उचगावच्या बाजूला, उघड्या माळावर बैठ्या घरांच्या रांगा उभ्या होत्या. प्रत्येकाला एक खोली, स्वयंपाकघर, मागं न्हाणी आणि संडास. आमचं घर रांगेतलं शेवटचं, अगदी कोपऱ्यावरचं. त्यामुळं घराच्या बाजूला एक तिरकी, त्रिकोणी मोकळी जागा जास्तीची मिळाली होती आणि कागदावरही ती आमच्याच नावावर होती.

ही जागा आप्पांना काय वाटली, हे समजायला त्यांचं गाव माहीत असायला हवं. ते शिरोळकडचे. त्या भागात मैलोन् मैल ऊस, पण आमच्या घराण्यात कुणाच्या नावावर वीतभर रान नव्हतं. नदीकाठी छप्पर असायचं, पूर आला की ते काढून वर न्यायचं, पाणी ओसरलं की परत खाली. आजोबा म्हणायचे, आपल्या मालकीची माती म्हणजे नखात अडकलेली तेवढीच. त्या माणसाच्या मुलाला आता त्रिकोणी का होईना, जमीन मिळाली होती.

राहायला गेलो त्या दिवशी आम्ही वंदना घेतली, आईनं खीर केली. आप्पांनी त्याच दुपारी कुदळ हातात घेतली. पहिल्या वर्षभरात त्या त्रिकोणात अळू, कढीपत्ता, लिंबू, शेवगा आणि न्हाणीच्या पाण्यावर केळीचे दोन खुंट आले. कारखान्यातून आल्यावर ते आधी घरात शिरायचे नाहीत, झाडांकडं जायचे. लेथवर कामाला लागलेला माणूस केसभरही चूक खपवत नाही. आप्पांच्या वाफ्यांच्या कडासुद्धा ओळंबा लावल्यासारख्या सरळ होत्या.

घर सगळ्यांना आवडलं होतं. अडचण रस्त्याची होती. सिटी बस मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यापर्यंतच यायची आणि फाट्यापासून आमच्या वसाहतीपर्यंत वीस-पंचवीस मिनिटांची पायवाट, तीही काळ्या रानातली. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखल. आप्पांना सायकल होती, ते ती काही अंतर चालवायचे, काही अंतर खांद्यावर घ्यायचे. आईची पाळी सकाळी सातला सुरू व्हायची. ती उजाडायच्या आत निघायची, चपला हातात आणि दवाखान्याची पांढरी साडी पिशवीत. फाट्यावरच्या चहावाल्याच्या पिंपातलं पाणी घेऊन पाय धुवायची, त्याच्या टपरीमागं साडी बदलायची आणि पहिली बस पकडायची. मी शाळेत पोचायचे तेव्हा माझ्या परकरावर गुडघ्यापर्यंत चिखलाचे शिंतोडे असायचे. आमच्या वर्गातल्या मुली लांबून बघूनच सांगायच्या, माळावरची आली.

म्हणून घरं मिळाली तरी निम्म्या घरांना कुलपं होती. लोकांनी ताबा घेतला, चार दिवस राहून बघितलं आणि पुन्हा शहरातल्या खोल्यांकडं गेले. मंडईत भाजी विकणारी बाई पहाटे पाट्या घेऊन फाट्यापर्यंत कशी जाणार? धुणीभांडी करणाऱ्या बायका चार घरांच्या वेळा कशा सांभाळणार? सरकारनं पैसे घालून घरं बांधली होती, भिंती चांगल्या होत्या, छत गळत नव्हतं. पण घर म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत, कामावर वेळेत पोचणं हाही घराचाच भाग असतो, हे मला त्या कुलपांनी शिकवलं.

राहिलेल्या लोकांनी बससाठी अर्ज केले. आमच्या रांगेतले एक शिंपीकाका पुढाकार घ्यायचे. मूळचे शेतकरी घरातले, शेत भावाभावांत वाटून बोटभर राहिलं म्हणून मशीन घेऊन शहरात आलेले. ते आणि आप्पा सुट्टीच्या दिवशी हापिसांच्या पायऱ्या चढायचे. बसच्या हापिसात सांगितलं की पक्का रस्ता नाही आणि बस वळवायला जागा नाही, तिथं गाडी कशी पाठवणार? रस्त्याच्या हापिसात सांगितलं की जिथं वाहतूक आहे तिथल्या रस्त्यांना आधी निधी. आप्पा येऊन जेवायला बसले की आई विचारायची, काय झालं? ते म्हणायचे, रस्ता न्हाय म्हणून बस न्हाय, आणि बस न्हाय म्हणून रस्ता न्हाय. असं दोन वर्षं चाललं.

एक दिवस आईनं वेगळंच केलं. ती रोज सकाळी जी बस पकडायची तिचा ड्रायव्हर एकच असायचा, बिद्रीकडचा, आडव्या बांध्याचा, मिशीवाला माणूस. घरची शेती होती, भाऊ ऊस बघायचा आणि हा बस. आई धावत येताना दिसली तर तो गाडी थांबवून ठेवायचा, एवढीच त्यांची ओळख. आईनं त्याला सरळ विचारलं की बस वळवायला नेमकी किती जागा लागते. तो म्हणाला, सांगून काही कळायचं नाही, जागा बघायला लागेल. आणि पुढच्या साप्ताहिक सुट्टीला तो खरोखरच आला, सायकलवरून, पिशवीत काकवीची बाटली घेऊन. गुऱ्हाळ नुकतंच सुरू झालं होतं.

आप्पांनी त्याला ओट्यावर बसवलं. "पावणं, च्या घ्या," म्हणाले. पण तो चहा हातात घेऊनच उठला. पायवाट वसाहतीत शिरते तिथून आमच्या कोपऱ्यापर्यंत लांब लांब पावलं टाकत चालत आला, परत गेला, परत आला. मग दोरी आणि चुन्याची फक्की मागितली. शिंपीकाकांनी दोरी आणली, फक्की आमच्याकडंच होती. दोरीचं एक टोक आईच्या हातात देऊन तो दुसऱ्या टोकानं गोल फिरत गेला आणि मागं पांढरी रेघ ओढत गेला. रेघ पायवाटेच्या कडेनं आली, आमच्या कोपऱ्याशी वळली आणि सरळ आप्पांच्या त्रिकोणात घुसली. अळूच्या पानांवर चुना पडला. लिंबू रेघेच्या आत, म्हणजे बसच्या वाटेत राहिला, शेवगाही.

तो थांबला. त्यानं आप्पांकडं बघितलं नाही, आईकडंच बघून बोलला. "आक्का, बस म्हशीगत असती. जाग्यावर फिरत न्हाय. एवढी जागा घावली तर एका फेऱ्यात वळंल. न्हायतर रिव्हर्स घ्यावं लागतंय, आणि हितं पोरं खेळत्यात. रिव्हर्सचं काम नको."

ड्रायव्हर गेला तेव्हा आप्पांनी त्याला निरोपही नीट दिला नाही. नंतर त्यांनी तांब्याभर पाणी घेऊन अळूची पानं एक एक करून धुतली.

त्यानंतरचे दहा-पंधरा दिवस घरात कुणी त्या रेघेबद्दल बोललं नाही. माळावर पाऊस नव्हता, त्यामुळं ती पुसलीही गेली नाही. आप्पा झाडांना पाणी घालायचे तेव्हा रेघ ओलांडताना पाय उचलून टाकायचे, जसं काही तिथं उंबरा आहे. मला त्यांचा राग येत होता आणि दयाही. मी दहावीत होते, मला बस हवी होती. पण मी शिरोळचं छप्परही बघितलं होतं.

एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर आप्पा स्वतःच बोलले. म्हणाले की एवढ्या घरांत नेमकी आपलीच जागा का, शेजारच्या मोकळ्या माळावर वळव म्हणावं. आई म्हणाली की तो माळ खाजगी मालकाचा आहे, तो कोर्टात जाईल आणि माझी नोकरी संपेपर्यंत निकाल लागायचा नाही. आप्पा म्हणाले की ती झाडं मी हातानं लावलीत. आई भांडी घासत होती. तिनं हात थांबवले नाहीत, आवाजही चढवला नाही.

"झाडं काढून दुसरीकडं लावता येत्यात," ती म्हणाली. "माझी रोजची वाट मी कुठं न्हिऊन लावू?"

आप्पा उठून बाहेर जाऊन बसले. बऱ्याच वेळानं आत आले ते शाळेच्या वहीतला कागद मागत. मी दिला. त्यांनी त्रिकोणाचं चित्र काढलं, मापं लिहिली, अगदी कारखान्यात काढतात तसं, आणि खाली लिहायला मला सांगितलं की ही जागा बस वळण्यासाठी द्यायला आमची ना नाही, पण मोबदल्यात बस आलीच पाहिजे. 'आलीच' या शब्दाखाली त्यांनी रेघ मारायला लावली.

तो कागद घेऊन ते गेले तेव्हा रस्त्याच्या हापिसात एक नवी इंजिनिअर बाई आलेली होती, पुण्याकडची, जेमतेम पंचविशीतली. आप्पांनी नंतर ती भेट आम्हाला इतक्या वेळा सांगितली की मला ती पाठ आहे. बाईंनी कागद वाचला, चित्र बघितलं, पुन्हा वाचला.

"काका, जागा मागायला लोक येतात," त्या म्हणाल्या. "द्यायला आलेलं मी अजून कुणी बघितलं नव्हतं."

आप्पा म्हणाले, "द्यायला आलो न्हाय बाई. बस मागायला आलोय."

त्याच आठवड्यात त्या बाई स्कूटीवरून माळावर आल्या. अवकाळी पाऊस होऊन गेलेला होता. फाट्यापासून निम्म्या वाटेवर स्कूटी रुतली, पुढं चपलेचा अंगठा तुटला आणि त्या अनवाणी आमच्या दारात उभ्या राहिल्या. आईनं त्यांना पाय धुवायला पाणी दिलं. बाईंनी पाय धुता धुता आईला विचारलं की तुम्ही रोज अशाच जाता? आई म्हणाली की आज तर वाट बरी आहे.

बाईंनी चहा पिताना समजावून सांगितलं. नुसता रस्ता मागितला तर पैसे मिळायला अडचण आहे. पण सरकारनं स्वस्त घरं बांधलेली आहेत, निम्मी रिकामी आहेत आणि जवळून बस जाते, अशा ठिकाणी बस आत आणण्यासाठी रस्ता, गटार, दिवे आणि थांबा असं सगळं मिळून राज्याच्या निधीतून मागता येतं. एकाच प्रस्तावात. गटार आधी, मग रस्ता, नाहीतर केलेला रस्ता उकरावा लागतो. आप्पांना हे फार पटलं. कामाचा क्रम कळणारा माणूस त्यांना नेहमीच आवडायचा. बाई गेल्यावर म्हणाले, पोरगी कारागीर हाय.

प्रस्ताव गेला. तो कुठं कुठं गेला, कुणाच्या टेबलावर थांबला, ते आम्हाला माहीत नाही. दोन पावसाळे गेले. मी बारावी झाले. शिंपीकाकांनी आशा सोडली होती आणि ते मशीन घेऊन शहरात परत जायच्या गोष्टी करत होते. आप्पा मात्र महिन्यातून एकदा हापिसात जाऊन त्या बाईंना नुसते दिसून यायचे. बोलायचे नाहीत. बाईही मान हलवायच्या, म्हणजे अजून नाही.

आणि एक दिवस पाईप येऊन पडले. सिमेंटचे मोठे पाईप, ट्रकमधून उतरवलेले. त्या दिवशी वसाहतीत सणासारखं वातावरण होतं.

आप्पांनी झाडं काढायला घेतली. हे काम त्यांनी मजुरांना करू दिलं नाही. पण झाडं न्यायची कुठं? आमच्या घराला आता मोकळी जागाच उरणार नव्हती. तेव्हा शिंपीकाकूंनी अळू त्यांच्या न्हाणीमागं लावून घेतलं. कढीपत्ता दुसऱ्या रांगेतल्या एका घरी गेला, केळीचे खुंट तिसरीकडं. शेवग्याच्या फांद्या तोडून चार घरांत लावल्या, त्या चारही जगल्या. लिंबू मात्र जगला नाही. मुळांसकट काढला, मोठा खड्डा केला, सावली केली, तरी महिन्याभरात वाळला. त्यानंतर घरात कुणी बाजारातून लिंबं आणली की आप्पा नाक मुरडायचे, यांना वास नाही म्हणायचे.

रस्त्याचं काम चालू असताना आप्पा सुट्टीच्या दिवशी मुकादमाच्या मागं उभे राहायचे. खडीचा थर किती, उतार कुठल्या बाजूला, सगळं बघायचे. एकदा त्यांनी सांगितलं की गटाराला उतार उलटा पडलाय. मुकादम हसला. आप्पांनी बादलीभर पाणी ओतून दाखवलं, ते उलटं आलं. इंजिनिअर बाईंनी तेवढा तुकडा उकरून पुन्हा करून घेतला.

पहिली बस आली तो उन्हाळ्याचा शेवट होता. सकाळी सहाची फेरी. उद्घाटन वगैरे नंतर एका रविवारी झालं, हार-नारळ आणि भाषणं, पण आमच्या लेखी ती सकाळ खरी. ड्रायव्हर तोच, बिद्रीचा. त्यानं ही फेरी मागून घेतली होती. उजाडत होतं. वसाहतीतली निम्मी माणसं दारात उभी होती, कुणी दात घासत, कुणी पोराला कडेवर घेऊन. बस नव्या डांबरावरून सावकाश आली, आमच्या कोपऱ्याशी वळायला लागली आणि एका फेऱ्यात, कुठंही न अडखळता, वळून उभी राहिली. मागचं चाक घराच्या भिंतीपासून चांगलं चार हात लांब होतं. ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढून आप्पांना हात केला.

आईनं घरातूनच पांढरी साडी नेसली होती. नीट निऱ्या घालून, पायात चपला. पायरी उतरली, सात-आठ पावलं चालली आणि बसमध्ये चढली. तिच्यामागं मी. आणि आमच्यामागं आप्पा. त्यांची सायकल दाराशीच होती, कारखाना आठचा होता. आईनं विचारलं, "तुम्ही कुठं?" ते म्हणाले, "बघतो जरा." ते आमच्याबरोबर शहरापर्यंत आले, आई उतरली, मी उतरले, ते त्याच बसनं परत गेले. नंतर कळलं की त्या दिवशी त्यांनी आणखी एक फेरी मारली आणि अर्ध्या दिवसाची रजा झाली. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी आजारपणाशिवाय घेतलेली ती पहिली रजा असावी.

वर्षभरात कुलपं निघाली. भाजीवाली बाई राहायला आली, पाट्या बसच्या मागच्या दाराशी ठेवायची आणि कंडक्टरशी रोज वाद घालायची. पिठाची गिरणी आली, बालवाडी आली. शिंपीकाका राहिले आणि त्यांनी दुसरं मशीन घेतलं. सगळंच गोड झालं असं नाही. ज्यांनी घरं घेऊन नुसती बंद ठेवली होती, त्यांनी आता ती चढ्या भाड्यानं दिली आणि त्यातल्या एकानं भाडेकरूला आडनाव विचारल्याचं आमच्या कानावर आलं. आई त्याच्या दारात जाऊन काय बोलली ते तिनं आम्हाला सांगितलं नाही. पण तो भाडेकरू राहिला.

आमचं घर तर थांब्याची खोलीच झालं. बस चुकलेला माणूस ओट्यावर बसायचा, पाणी मागायचा. बायका किल्ल्या ठेवून जायच्या. सकाळी इंजिनची घरघर भांड्यांच्या फळीपर्यंत पोचायची. आप्पा कुरकुरायचे, पण अळू तयार झालं की शिंपीकाकूंच्या घरून वड्या यायच्या, शेवगा लागला की चार घरांतून शेंगा यायच्या, आणि ते ताटात बघून म्हणायचे, एवढ्या माझ्याकडं असताना कधी लागल्या नव्हत्या.

मी त्या बसनं कॉलेजला गेले, पुढं बी.एड. केलं आणि एका शाळेत लागले. आई याच बसनं नोकरीची उरलेली वर्षं सुखानं गेली-आली. तिचे गुडघे आधीच गेलेले होते, तरी ती म्हणायची की रस्ता उशिरा झाला पण माझ्या नोकरीत झाला, हे काय थोडं हाय? बिद्रीचे ड्रायव्हरमामा निवृत्त झाले, शेतीकडं गेले आणि हंगामात एखाद्या दिवशी नुसते बोलायला येतात. ते आणि आप्पा ओट्यावर बसून नव्या ड्रायव्हरांच्या वळणाला नावं ठेवतात.

आप्पांना मात्र अर्जाची चटक लागली. बसनंतर त्यांनी दुपारच्या फेरीसाठी अर्ज केला, ती मिळाली. मग दोन दिव्यांसाठी केला, एक मिळाला. हल्ली ते थांब्याच्या छपराच्या मागं लागलेत. बसायचा कट्टा आहे, पण वर पत्रा नाही. नकाशा त्यांनीच काढलाय, मापं टाकलीत, आणि खालचा मजकूर लिहायला रविवारी मला बोलावलंय. यंदा पावसाआधी होईल असं त्यांना वाटतं. मला वाटतं दिवाळी उजाडेल. पण होईल.